आईचा फोन कोण चालवतो?

साहेब, त्या रविवारी तुम्ही पहिल्या सतरंजीवर मांडी घालून बसला होतात. डोक्यावर पांढरा रुमाल, हात जोडलेले. तुमच्यापासून चार हातांवर एका म्हाताऱ्या बाईला डाकीण ठरवलं गेलं, तेव्हाही ते हात जोडलेलेच राहिले. तिथं नव्हतोच असं म्हणू नका. व्हिडिओ तालुकाभर फिरलाय आणि त्यात तुमच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा दिसतं.

तो व्हिडिओ शिल्पानं चोपड्यात आपल्या दुकानात बसून पाहिला. बस स्टँडच्या मागं तिचं टपरीएवढं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. शिकली बारावी. दुरुस्ती मात्र तिला कोणी शिकवली नाही. आधी स्वतःचा फोन उघडून बिघडवला, मग दुसऱ्यांचे उघडून नीट केले. त्यामुळे फोन म्हटला की तिला त्यात दैवी असं काही दिसत नाही, स्क्रू दिसतात.

व्हिडिओ काकरखेड्याचा होता. सातपुड्याच्या पायथ्याला, केळीच्या बागांच्या आत शिरलेलं गाव. शाळेच्या पटांगणात मांडव आणि मांडवात पाय ठेवायला जागा नाही. चौरंगावर काचेची पेटी, पेटीत उभा केलेला मोठ्या स्क्रीनचा फोन, फोनला हार. मागं पुना भगत. कपाळभर कुंकू, मांडीत वेताची टोपली, टोपलीत काठोकाठ दादर ज्वारी. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत दाण्यांत खुपसलेले. त्यात कोणाला नवल वाटलं नाही. भगत म्हटला की तो दाणे बघणारच, खानदेशात ही रीत जुनी आहे. सगळ्यांचे डोळे फोनवर होते.

भगताचा चेला हितेंद्र माईक घेऊन ओरडत होता. वय पस्तीस, डोळ्यांवर काळा चष्मा.

"देखा भाऊ, देखा अक्का! सिम काढून ताटात ठेवलंय. नेट नाही, वायर नाही! वर विमानाचं चित्र दिसतंय ना? म्हणजे फोन मेला! मेलेल्या फोनात कोण बोलतं? आई बोलते! बाकीच्या देवांना रेंज लागते, आपल्या आईला रेंज लागत नाही!"

स्क्रीनवर फोटोच फोटो होते. चौकटीला चौकट लावून गावातली घरं, माणसं, झाडं, विहिरी. आठवडाभर आधी हितेंद्र दारोदार फिरून ते काढून गेला होता, 'आईला ओळख पाहिजे' म्हणून. आता भगत घुमायला लागला. दोन मिनिटं, तीन मिनिटं नुसतं घुमणं. आणि मग कोणीही हात न लावता एका फोटोभोवती निळी कड उमटली. कड उडी मारून शेजारच्या फोटोवर गेली, तिथून खालच्या.

"चालली! आई चालली!" हितेंद्र किंचाळला.

पुढच्या रांगेतून केस विस्कटलेला एक माणूस उठला. हिलाल. त्याची सहा वर्षांची मृणाली कावीळ होऊन पंधरा दिवसांपूर्वी गेली होती. गावात आणखी दहा पोरं पिवळी पडून अंथरुणाला खिळलेली.

"आई, सांग," तो म्हणाला, "मन्ही पोर कोनी खादी?"

निळी कड फिरली, थांबली, पुन्हा सरकली. फोटो उघडून स्क्रीनभर झाला. केळीच्या चिकानं काळे पडलेले हात मांडीवर ठेवून बसलेली एक म्हातारी.

"कमलबाई!" मांडव फुटला. व्हिडिओ हलायला लागला. शेवटी दिसतो तो हिलाल, खाली वाकून दगड उचलणारा. आणि कडेला तुम्ही, साहेब, हात जोडलेले.

शिल्पानं व्हिडिओ पुन्हा लावला. म्हातारीपेक्षा आधी तिला ती निळी कड टोचली. बोटानं फोन चालवला तर फोटोभोवती अशी कड कधीच उमटत नाही. ती उमटते ती फोनला बाहेरून बटणं जोडली तरच. पण फोनला वायर नव्हती आणि भगताचे हात दाण्यांत होते. शिल्पाच्या मनात काहीतरी कुरतडत राहिलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. काळा चष्मा. व्हिडिओतला हितेंद्र. त्यानं पिशवीतून काळा गेम कंट्रोलर काढून काउंटरवर ठेवला. मोबाईलवर गेम खेळणारी पोरं दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी काड्या फिरवतात, बटणं दाबतात तो, बिनवायरचा.

"हा नीट करून द्या, ताई. डावी काडी आपोआप सरकते."

"कोण खेळतं?"

"भाचा."

"भाच्याचा फोनही आणा. जोडून बघावं लागेल."

"फोन आणता येणार नाही." तो पटकन म्हणाला. "म्हणजे, भाचा देत नाही. तुम्ही फक्त जोडायचं कसं ते कागदावर लिहून द्या. दुरुस्तीत जोडणी पुसली गेली तर पंचाईत नको."

"मागं कोणी जोडून दिला होता?"

"धुळ्याला, देवपुरात एकानं. तुम्ही वकील आहात का दुकानदार?"

"शनिवारी या," शिल्पा म्हणाली.

तो गेल्यावर तिनं कंट्रोलर उघडला. गेम खेळणाऱ्यांचे कंट्रोलर तिनं पुष्कळ उघडलेत. आत घामाचा मळ निघतो, वेफरचा चुरा निघतो. याच्यात निघाला ज्वारीचा कोंडा. बटणांच्या फटींत कुंकू. आणि डाव्या काडीच्या बुडाशी, नेमका उजव्या अंगाला अडकलेला, दादरचा अर्धा दाणा. काडी सरळ उभी राहूच शकत नव्हती. सोडली की उजवीकडे कलायची.

शिल्पा चिमट्यात दाणा धरून बसून राहिली. कोणाचा भाचा ज्वारीच्या टोपलीत हात घालून गेम खेळतो?

तिनं दाणा स्क्रू ठेवायच्या डबीत टाकला, काडी साफ केली आणि कंट्रोलर स्वतःच्या फोनला जोडला. फोन विमान मोडवर टाकला. जोडणी तुटली. मग तिनं विमान मोड तसाच ठेवून ब्लूटूथ तेवढं परत चालू केलं. वर विमानाचं चित्र जसंच्या तसं, आणि कंट्रोलर जोडला गेला. तिनं फोटोंचं पान उघडून बटण दाबलं. निळी कड उडी मारून शेजारच्या फोटोवर गेली.

पाच-दहा मिनिटं तिनं काहीच दाबलं नाही, तर कंट्रोलरचा दिवा विझला. बॅटरी वाचवायला तो आपोआप झोपतो. जागा करायला बटण दाबून थोडं थांबावं लागतं. आई यायच्या आधी भगत तीन मिनिटं का घुमतो, तेही कळलं.

तरी एक गोष्ट तिला उमगत नव्हती. भगताला कमलबाईच का पाहिजे होती? काय वैर होतं?

मंगळवारी कमलबाई स्वतःच दुकानात आली. पहिल्या एसटीनं आली होती, पदर कपाळापर्यंत ओढून. कपाळावर दगडाची खोक, वर हळद भरलेली. शिल्पानं हात ओळखले, काळे, चिकाचे.

"बाय, तू फोन नीट करस ना?"

"हो मावशी. बसा."

"आईना फोनमा मन्हा फोटू शे. तो पुसी टाक, बाय. फोटूच नही राहिना तं ती मन्हं नाव कशी लेई?"

या बाईला वाटत होतं, चूक आपल्या फोटोची आहे.

"काय म्हणालेत ते तुम्हाला?"

"रविवारलोंग गाव सोडानं. नही सोडं तं घर पेटाडतीन." कमलबाईनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "चाळीस वरीस झाया मले तठे. मालक तठेच गया. कोठे जाऊ?"

"भगताशी तुमचं भांडण होतं का?"

"त्याले म्या पहिल्यांदाच देखं. त्याना चेलानी मन्हा फोटू घराजोडे काढा, विहिरना फोटू काढा, तवढाच."

"विहीर कुठं आहे?"

"मन्हा घरना डावे हातले. पडेल शे, जुनी."

शिल्पानं फोन उचलून व्हिडिओ पुन्हा लावला आणि शेवटच्या क्षणी थांबवला. कड आधी एका पडक्या विहिरीवर थांबली होती. तिथून उजवीकडे एक उडी. कमलबाई. पुढच्या क्षणाला फोटो उघडला.

तिनं डबी उघडून अर्ध्या दाण्याकडे पाहिलं. त्या रविवारी कमलबाईला ना आईनं निवडलं होतं, ना भगतानं. काडीखाली अडकलेल्या अर्ध्या दाण्यानं निवडलं होतं. आणि हे भगताला दुसऱ्याच दिवशी ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं कंट्रोलर दुरुस्तीला पाठवला. बाईला मात्र दगड खाऊ दिले.

साहेब, बुधवारी शिल्पा तुमच्या तालुका कचेरीत आली होती, आठवतं? सोबत व्हिडिओ होता, दाणा होता. जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ सालापासून आहे, हेही तिनं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हा श्रद्धेचा विषय आहे. लोकांच्या भावना असतात. लेखी द्या, बघू." तिनं तिथंच उभ्यानं लेखी दिलं. तुम्ही तो कागद पेपरवेटखाली सारलात आणि विचारलंत, "तू त्या बाईची कोण?"

माणसाच्या मदतीला जायला त्याचं कोणी लागावं लागतं, हे तिला तुमच्या कचेरीत कळलं.

शनिवारी तिनं हितेंद्रला कंट्रोलर दिला. नीट केलेला. तिच्या मनात आलं होतं, बिघडवूनच द्यावा. पण बिघडलेला दिला असता तर भगतानं 'आई रुसली' म्हणून दुसरा आणला असता. तिनं कागदावर जोडणीही लिहून दिली, मुद्दाम स्वच्छ अक्षरात. मधलं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. फोनचं ब्लूटूथ उघडा. यादीत कंट्रोलरचं नाव आलं की त्यावर बोट टेकवा. जोडला गेला की दिवा स्थिर होईल.

"सोपं आहे," ती म्हणाली.

"भाचा खूश होईल," हितेंद्र म्हणाला.

रविवारी मांडवात आदल्या खेपेपेक्षा जास्त माणसं. तुम्ही नव्हतात, साहेब. कमलबाईला घरातून आणून मांडवाच्या कडेला बसवलं होतं, दोन्ही बाजूंना काठ्या घेतलेली चार माणसं. आज आईला 'शेवटचं' विचारायचं होतं, हिला नुसतं हाकलायचं की आणखी काही.

शिल्पा गर्दीतून वाट काढत पुढं गेली. भगत नुकताच घुमायला लागला होता.

"मला आईला विचारायचंय," ती मोठ्यानं म्हणाली.

"बायांनी मागं बसायचं!" हितेंद्रनं तिला ओळखलं आणि त्याचा आवाज चिरकला.

"विचारू द्या ना," मागून एक म्हातारा म्हणाला. "आईच्या दारात बायकांना बंदी कशी?"

लोक हसले. शिल्पा हिलालसमोर जाऊन उभी राहिली. भगताशी तिला बोलायचंच नव्हतं.

"हिलालभाऊ, आई खरं सांगते ना?"

"सांगस."

"मग ती कोणाच्याही हातात खरंच सांगेल. पेटी उघडा, फोन तुम्ही हातात धरा. मी शिवणार नाही. फक्त त्याचं तोंड तुमच्याकडे ठेवा आणि पाठ भगताकडे."

"फोनले हात लावा तं हात करपी जाई!" भगत ओरडला.

"तुम्ही रोज हार घालता, तुमचा नाही करपला," शिल्पा म्हणाली.

हिलालनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू कमलबाईनी कोन शे?"

"कोणी नाही. मी फोन दुरुस्त करते."

"मंग तुले काय पडनं शे?"

"भाऊ, तुमच्या हातून आज एक बाई मरेल. ती मेल्यावर कळलं की ती नव्हती, तर काय कराल?"

हिलालचा जबडा हलला. तो चौरंगाकडे गेला, काचेची पेटी उघडली, हार काढून ठेवला आणि फोन छातीजवळ धरला. त्याचे हात करपले नाहीत.

"मले पक्कं करनं शे," तो भगताला म्हणाला. "आई, सांग. मन्ही पोर कोनी खादी?"

भगताच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं. त्याला स्क्रीन दिसत नव्हता. टोपलीत दाणे खसखसले. हिलालच्या हातातल्या फोनवर निळी कड वर गेली, खाली आली, कोपऱ्यात जाऊन अडली, परत फिरली. आंधळ्या माणसानं भिंत चाचपावी तशी. शेवटी एक फोटो उघडला. हिलालनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग फोन लोकांकडे फिरवला.

फोटोत तुम्ही होतात, साहेब. गेल्या रविवारी याच मांडवात, भगताच्या खांद्यावर हात टाकून हसताना.

मग मागून एका म्हातारीनं विचारलं, "माय वं! साहेब डाकीन शे का?"

जो हशा उसळला त्यानं मांडवाचे पत्रे वाजले. काठीवाल्या चौघांतला एक जणसुद्धा हसला.

"आई कोपली! अपवित्र हात लागले!" हितेंद्र माईकमध्ये ओरडत होता.

"आई कोपली नाही," शिल्पा म्हणाली. "भगताला दिसत नाहीये, एवढंच. भगत, दाण्यांतून हात बाहेर काढा."

"काढता येत नही. दाना सोडा तं..."

हिलाल पुढं झाला. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं त्यानं टोपलीची कड धरली आणि टोपली उलटी केली. दादर सतरंजीवर सांडली. भगताचे दोन्ही हात उघडे पडले, आणि हातांत काळा कंट्रोलर. दिवा स्थिर, निळा.

शिल्पानं तो उचलून लोकांना दाखवला. "हे गेम खेळायचं साधन आहे. बाजारात मिळतं. सिम नको, नेट नको. विमानाचं चित्र असलं तरी ब्लूटूथ वेगळं चालू करता येतं. तुम्हाला विमान दाखवलं, ब्लूटूथ दाखवलं नाही. दाण्यांत हात घातलेल्या भगताला आपण कोणी विचारणार नाही, हे याला चांगलं माहीत होतं."

"तू त्याच्यात काही केलं असशील!" कोणीतरी ओरडलं.

शिल्पा वळली आणि मांडवाच्या कडेला गेली. कंट्रोलर तिनं कमलबाईच्या हातात दिला. "मावशी, हे बटण दाबा."

कमलबाईनं हात मागं घेतला. मग एक काळं बोट पुढं करून दाबलं. हिलालच्या हातात आधी तुमचा फोटो मिटला, मग निळी कड एक घर सरकली. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकली. एक बाई पुढं आली, "मी देखू?" मग दुसरी. पाच मिनिटांत अर्ध्या गावानं आईला चालवून पाहिलं. आईनं कोणालाच नाही म्हटलं नाही.

शिल्पानं डबीतला अर्धा दाणा हिलालच्या तळहातावर ठेवला आणि तो कुठं सापडला ते सांगितलं. मग तिनं फोटोंमधली विहीर दाखवली आणि तिच्या उजवीकडची कमलबाई दाखवली. हिलाल भगतापुढं उकिडवा बसला. आवाज अगदी खाली आणून त्यानं विचारलं, "खरं शे का?"

भगतानं मान खाली घातली. "मले विहीर उघाडनी व्हती. तठे पूजा सांगनी व्हती. काडी सरकनी."

"मंग तठेच का नही सांगं?"

"आई चुकनी म्हनू?" भगत पुटपुटला. "मंग मले कोन इचारतं?"

त्याला दैवी शक्ती नव्हती आणि दुष्टावाही फार मोठा नव्हता. त्याला फक्त चूक कबूल करायची नव्हती. आई चुकत नाही असं एकदा सगळ्यांनी मिळून ठरवलं, की काडी सरकली असं म्हणायला जागाच उरत नाही. मग चूक झाकायला माणूस मारावा लागतो. म्हणून साधी गोष्ट सांगतो. जो कोणी म्हणेल की माझ्या देवाला हात लावू नका, माझ्या टोपलीत बघू नका, त्याची टोपली आधी उलटी करा. खरं असेल तर दाणे परत भरता येतील.

लोक भगताला मारायला धावले. शिल्पा आणि हिलाल मध्ये उभे राहिले. फोन, कंट्रोलर, दाणा, काहीच पुसायचं किंवा फेकायचं नाही, हा पुरावा आहे, असं शिल्पा ओरडून सांगत होती. कोणीतरी फोन केला, पोलीस आले, पंचनामा झाला, भगताला आणि हितेंद्रला नेलं.

मांडव रिकामा होत आला तरी हिलाल तिथंच बसला होता. सांडलेल्या दाण्यांकडे बघत तो म्हणाला, "मंग मन्ही मृणाली कशानी गयी?"

उत्तर दिलं कमलबाईनं.

"पानीनी, भाऊ. टाकीना पाइप गटारमातून जास. फुटेल शे. म्या चैत महिनामा साहेबले अर्ज दिधा. अंगठा मन्हाच शे त्यावर."

हिलालनं वर पाहिलं. "मले का नही सांगं?"

"तू दगड उचला व्हता. कशी सांगू?"

तो माणूस तेव्हा रडला. पोर गेल्यापासून पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी तो कमलबाईच्या दारात आला, ती पत्र्याची पेटी उघडून अर्जाची पोच काढेपर्यंत उभा राहिला आणि दोघं मिळून तुमच्या कचेरीत आले. पोचेवर तुमच्या कचेरीचा गोल शिक्का आहे, आवक क्रमांक आहे, चैत्रातली तारीख आहे. मृणाली आषाढात गेली. मधे तीन महिने होते. त्या अर्जापासून आजपर्यंत तुम्हाला काकरखेड्याला यायला एकदाच वेळ मिळाला, तो मांडवात बसायला. गटार त्या मांडवापासून शंभर पावलांवर आहे.

तुमच्या शिपायानं त्यांना सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. ते दोघं अजून तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेत. बाहेर या आणि हिलालच्या तोंडाकडे बघून सांगा, साहेब, त्या अर्जाचं तुम्ही काय केलंत?